मधल्या काट्यावर विश्वास

आदरणीय साडूभाऊ,

तुम्हाला साष्टांग नमस्कार घालायची मनापासून इच्छा आहे, पण आठ अंगांपैकी सध्या पाचच वाकतात (टेबलाखालून उठताना डोक्यावर टेबल आहे हे विसरलो, आणि सावरायला गेलो तर कंबर धरली; ते पुढे येईलच), तेव्हा आहे तेवढा नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमचा अंगठा कसा आहे? घड्याळजीचा अंगठा दुखणं म्हणजे गवयाचा घसा बसणं, म्हणून आधी त्याचीच चौकशी करतो. थोरल्या ताईंचा खोकला गेला असेल. नसेल तर पाठीला उशी लावून बसायला सांगा, माझा अनुभव आहे. आणि तुमच्याकडे सध्या राहायला आलेल्या पाहुण्यांची प्रकृती कशी आहे, नीट जेवतात का, झोप लागते का, हेही ओघात कळवलंत तर बरं होईल. मी मुद्दाम विचारत नाही. ओघात आलं तर कळवा.

इकडे मी ठीक आहे. (असं लिहायची पद्धत आहे.)

पत्र का, फोन का नाही, असं तुमच्या मनात येईल. फोन मी केले. तुम्ही उचलले नाहीत. आधी वाटलं, अंगठा दुखतोय म्हणून उचलत नसतील. मग त्याच अंगठ्याने तुम्ही घरच्या ग्रुपवर भाचीच्या निकालाबद्दल दोन ओळींचं अभिनंदन आणि वर तीन फुलं टाकलीत, तेव्हा काय ते समजलो. राग माझ्यावर आहे आणि तो योग्यच आहे. हिला फोन करावा तर ती दिवसभर माइकपुढे असते, फोन बंद. आणि संध्याकाळी लावला की म्हणते, फोनवर तुम्ही ऐकत नाही, नुसते बोलता. (हे ती म्हणत असते तेव्हाही मी मध्येच काहीतरी बोलत असतो, हे कबूल.) पत्रात निदान समोरच्याचं बोलणं तोडायची सोय नाही.

तर कॉम्प्युटरची हकीकत. तुम्ही तो हिच्यासाठी स्वतः जुळवून दिलात. दुकानातला तयार घेऊ नका, त्याचा पंखा भुंकतो, असं बजावून एकेक सुटा भाग आणलात आणि डोळ्याला भिंग लावून स्क्रू बसवलेत. हिचं काम तुम्हाला ठाऊकच आहे: ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि रेकॉर्ड करून संस्थेला द्यायची. त्या कामाला शांतता लागते, आणि तुमचं यंत्र इतकं शांत, की पहिल्या दिवशी मी दोनदा विचारलं, चालू केलंय ना. त्या शांततेसाठी मला काय काय सोडावं लागलं, याचा मात्र कुणी विचार केला नाही. ही मागच्या खोलीत वाचायला बसली की मी नळ सोडायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, चहा ढवळायचा तो चमचा कपाला न लावता. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकायचं. निवृत्त माणसाने दिवसभर करायचं तरी काय? अशा स्थितीत तुम्ही जाता जाता एक वाक्य बोलून गेलात, की उन्हाळा आहे, प्रोसेसरच्या तापमानावर जरा लक्ष ठेवा.

साडूभाऊ, हे आपण कुणाला सांगतोय याचा तुम्ही विचार केला होता का? ज्याने अख्खी नोकरी शीतगृहात तापमानावर लक्ष ठेवण्यात घालवली, त्याला. आमच्याकडे प्रत्येक थंड खोलीत तीन काटे असत. एकच काटा असला आणि तो बिघडला, तर तो बिघडलाय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. दोन असले तर कोणता बिघडलाय ते कळत नाही. म्हणून तिसरा, आणि तिघांत जो मधला आकडा दाखवेल तो खरा धरायचा. या नियमावर मी किती लोणी, किती सफरचंदं आणि किती बटाटे सांभाळले त्याला गणती नाही. माझ्या पाळीत एका बटाट्याला कोंब फुटला नाही. निरोपाच्या भाषणात साहेबांनी तेवढंच सांगितलं (दुसरं सांगण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं). निवृत्त झाल्यावर माझ्या हाताखाली एकच थंड खोली उरली, ती म्हणजे घरातला फ्रिज. त्यातही मी तीन तापमापक लावले होते; दुधाला जागा उरेना तेव्हा हिने दोन काढून टाकले. असा मी किती दिवसांचा उपाशी बसलेला, आणि तुम्ही पुढ्यात ताट वाढलंत.

मी इंटरनेटवरून तापमान दाखवणारा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. प्रोसेसरच्या पोटात सेन्सर असतो, प्रोग्रॅम त्याला विचारतो आणि आलेला आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात मांडतो. आकडा आला त्रेचाळीस. इथे कोणीही शहाणा माणूस समाधानाने उठून गेला असता. मी मात्र एकच काटा पाहून अस्वस्थ झालो. दुसरा प्रोग्रॅम उतरवला, मग तिसरा, तिन्ही एकदम चालू ठेवले, आणि तिथून आकड्यांच्या अंगात जे आलं ते काही विचारू नका. एक म्हणे एकसष्ट, दुसरा म्हणे चौतीस, तिसरा म्हणे शहाण्णव. शहाण्णव म्हणणारा एकदा अचानक अकरावर आला. घरात बनियन अंगाला चिकटत होतं आणि प्रोसेसर म्हणे अकरावर. काँप्रेसर नसेल तर कुठलंही यंत्र खोलीपेक्षा थंड होत नाही, हे मी झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. माझी ट्यूब तेव्हाच पेटायला हवी होती, की आकडाच खोटा आहे. त्याऐवजी मी हिला हाक मारून (वाचन ऐन रंगात असताना) कौतुकाने सांगितलं, की साडूंनी आत काहीतरी जबरदस्त यंत्रणा बसवलेली दिसते.

दुपारनंतर मधला आकडाही चढायला लागला. तीनपैकी एका प्रोग्रॅममध्ये पंख्याचा ताबा घ्यायची सोय होती. म्हणजे त्याला दिसलं तापमान वाढलं, की त्याने पंखा वाढवायचा. मी तो लगाम नेमका त्याच्याच हातात दिला, जो उठसूट शहाण्णव सांगत होता. म्हटलं, कारभार नेहमी भित्र्या माणसाच्या हाती असावा, तो निदान गाफील राहत नाही. झालं. तुम्ही एवढ्या हौसेने निवडलेला, मांजराच्या पावलांनी फिरणारा पंखा जो सुटला तो थांबेचना. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. वरच्या मजल्यावरचे शिक्षक खाली येऊन विचारून गेले, की आपल्याकडे काही धंदा सुरू केलात का.

ही तेव्हा एका जाड कादंबरीच्या मध्यावर होती. पहिल्या दिवशी तिने रेकॉर्डिंग थांबवून वाट पाहिली. मग माइकभोवती गाद्या उभ्या केल्या आणि त्या गुहेत घामाघूम होत वाचत राहिली. तशी प्रकरणं संस्थेकडे गेली आणि परत आली. सोबत निरोप होता, की दोघं जण कुजबुजतात त्या प्रसंगात मागे गिरणी चालू आहे, ती बंद करून पुन्हा वाचावं. आणि मुदतीत जमत नसेल तर नाइलाजाने पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे सोपवावं लागेल. इतक्या वर्षांत तिचं एकही पुस्तक कधी परत आलं नव्हतं. तिने तो निरोप मला वाचून दाखवला. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी बघतो. साडूभाऊ, आमच्या घरात आजवर जेवढी म्हणून संकटं आली ती सगळी याच वाक्याने सुरू झालेली आहेत.

मी बघितलं ते असं. प्रथम बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावला. (एकाचे दोन आवाज झाले.) मग अख्खा कॉम्प्युटर उचलून स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी नेला. फ्रिज मागून गरम हवा सोडतो, हे या घरात ज्या माणसाला सगळ्यांत आधी आठवायला हवं त्याला ते आठवलं नाही. तो परत जागेवर आणला. मग एका व्हिडिओत पाहिलं, की प्रोसेसर आणि त्याच्यावरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये पेस्ट असते आणि ती वाळली की तापमान चढतं. मी ठोकळा उतरवला, तुमची पेस्ट पुसून काढली (ती वाळलेली नव्हती, हे मी तेव्हाच पाहिलं होतं आणि कुणाला बोललो नाही) आणि नवी लावली. वाटाण्याएवढी लावा म्हणतात. म्हटलं कंजुषी कशाला, पावाला लोणी लावतात तशी लावली. ती चारी बाजूंनी बाहेर आली, जमिनीवर सांडली, ती पुसायला टेबलाखाली शिरलो, आणि उठलो. बाकी तुम्हाला वर कळवलंच आहे.

आकडे जिथल्या तिथे. डोक्याला टेंगूळ, कंबरेत कळ, कानात पंखा आणि समोर शहाण्णव, अशा अवस्थेत मी ग्रुपवर तो संदेश टाकला. तो पुन्हा लिहवत नाही, पण तुम्हाला पाठ असेल. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने घड्याळंच दुरुस्त करावीत, असा त्याचा मथितार्थ होता. (मथितार्थ कसला, शब्दही तेच होते.) सासरच्या झाडून सगळ्या मंडळींनी तो वाचला आणि एकानेही उत्तर दिलं नाही. आपल्या सासरचं माणूस गप्प बसलं म्हणजे काय, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखून आहात. कैलासवासी सासरे नेहमी म्हणायचे, थोरले जावई हाताने बोलतात आणि धाकटे तोंडाने. ती मी इतकी वर्षं स्वतःची स्तुती समजत आलो.

शेवटी हिनेच दुरुस्तीच्या दुकानातल्या तंत्रज्ञ बाईंना बोलावलं. बाई अबोल. त्यांनी पत्रा काढला, धातूच्या ठोकळ्यावर बोट टेकवलं आणि तसंच राहू दिलं.

"काका, तुम्ही हात लावून बघा. खरंच शहाण्णव असतं तर असं बोट ठेवता आलं असतं का?"

मी म्हणालो, बोटांच्या भरवशावर शीतगृह चालत नाही. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि नेहमीची स्क्रीन येण्याआधी, कुठलाही प्रोग्रॅम जागा होण्यापूर्वी, यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जो आकडा दिसतो तो दाखवला. एकेचाळीस. मी म्हणालो, झोपेतून उठल्या उठल्या कुणाचाही ताप कमीच असतो. बाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिने बाईंकडे पाहिलं. मग बाईंनी विचारलं, एवढे प्रोग्रॅम कशाला हवेत, काढून टाकू का; तेव्हा मी बाई आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. यंत्र धडधाकट आहे, आकडे खोटे आहेत, एवढं सांगून त्यांनी पत्रा लावला आणि त्या गेल्या. जाताना त्यांनी हिला दारात हळू आवाजात काहीतरी धीर दिला. मला ऐकू आलं नाही, पंखा चालू होता.

दुसऱ्या दिवशी ही निघाली. भांडण नाही, आदळआपट नाही. माइक, त्याचा स्टँड, ते पुस्तक आणि चार कपडे. ताईकडची मागची खोली रिकामी आहे, लॅपटॉपही आहे, तिथे बसून पुस्तक पुरं करते, एवढंच म्हणाली. मी बरं म्हणालो. साडूभाऊ, मी नुसतं बरं म्हणालो, आणि तेही स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत, कारण त्याच वेळी आकडा शंभरीकडे निघाला होता. बॅग तिने स्वतः खाली नेली. मी फाटकापर्यंतही गेलो नाही. पेस्ट, टेबल आणि ग्रुप या तिन्हींचं मिळून वाटत नाही एवढं मला त्याचं वाईट वाटतं. वरून पाहिलं तेव्हा गाडी वळत होती. तिने वर पाहिलं असेल तर ते मला दिसलं नाही.

मग घरात मी, पंखा आणि तीन आकडे असे राहायला लागलो. एका दुपारी कंटाळून मी एक प्रोग्रॅम बंद केला. उरलेले दोघे जरा शुद्धीवर आल्यासारखे वाटले. त्यातला तो पंखेवालाही बंद केला. उरलेला एकटा चव्वेचाळीसवर आला आणि तिथेच बसून राहिला. पंखा उतरत उतरत गप्प झाला. ठोकळ्याला बोट लावलं तर कोमट. बंद करून चालू केला, मूळ सेटिंगमध्ये पाहिलं, तर बेचाळीस. बोट, मूळ सेटिंग आणि प्रोग्रॅम तिघांचं एकमत झालं, तेव्हा मी वाचायला बसलो आणि मला माझी चूक कळली. शीतगृहातले तीन काटे ते खरोखर तीन, प्रत्येकाचं नाक वेगळं. इथे सेन्सरची वाट एकच आणि विचारणारे तिघे. तिघेही एकाच वेळी त्याच वाटेने विचारायला जात, एकाचं उत्तर दुसरा उचलून नेई, तिसऱ्याच्या पदरात अर्धवटच काहीतरी पडे, आणि त्या गोंधळातून मी मोठ्या निष्ठेने मधला आकडा काढत होतो. यंत्र पहिल्या दिवसापासून निरोगी होतं. त्याला मी तपासून तपासून आजारी पाडलं.

तेव्हा तुमची जुळणी निर्दोष होती, हे मी या पत्राने मान्य करतो आणि ग्रुपवरही तसं लिहिणार आहे. चार वेळा लिहून खोडलं. प्रत्येक वेळी माफी दोन ओळींची होते आणि शीतगृहाचा नियम कसा चुकीचा नव्हता हे समजावणं बारा ओळींचं. एकदा नुसती माफी लिहिता आली की टाकतो.

आता पंखा गप्प आहे. नळ सोडतो, खुर्ची ओढतो, चमचा हवा तेवढा वाजवतो, कुणी हूं की चूं करत नाही. चार दिवस तरी बरं वाटेल अशी कल्पना होती, तेही वाटलं नाही. आणि काल हिचा निरोप आला, की कपाटातला लोकरीचा कोट कुणाबरोबर तरी पाठवून द्या. साडूभाऊ, बाहेर डांबर वितळतंय. थंडीला अजून कितीतरी अवकाश आहे आणि पुस्तक संपायला काही एवढा वेळ लागत नाही. कोट काढून मी पलंगावर ठेवलाय आणि त्याच्यासमोर बसून हे लिहितोय. तिचं काय मनात आहे, परत यायचं आहे की नाही, याचा तुम्ही अंदाज घ्या. विचारू नका, नुसता अंदाज घ्या. पुस्तक पुरं होईपर्यंत तिला खुशाल राहू द्या, माझी काही हरकत नाही. हरकत घ्यायला मी कोण?

लिहिण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण कंबर आता बसू देत नाही. थोरल्या ताईंना नमस्कार सांगावा, आणि ग्रुपवरच्या त्या संदेशाबद्दल त्या काय म्हणाल्या ते मात्र सांगू नये.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : कॉम्प्युटर पुन्हा शांत झालाय, हे तिच्या कानावर घाला. मी कळवलंय असं मात्र म्हणू नका, विश्वास बसणार नाही. तुम्ही एकदा येऊन मी थापलेली पेस्ट पुसून तुमच्या हाताने नीट लावून गेलात आणि मग तिला सांगितलंत तर ती ऐकेल. जेवायला थांबा. स्वयंपाक मी करणार आहे, ही धमकी समजू नये.

ता. क. दुसरा : वर मी लिहिलं, की एका दुपारी कंटाळून प्रोग्रॅम बंद केला. तसं नव्हतं. पंखा सुटला त्या पहिल्याच दिवशी ही माझ्यामागे येऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "अहो, तिघं एकदम विचारतायत, तो उत्तर कुणाला देणार? एकालाच विचारू द्या ना." मी तिला म्हणालो, आवाज हा तुझा विषय, तापमान माझा. त्या दुपारी मी फक्त ती म्हणाली तसं करून पाहिलं. हे तिला सांगायला मी स्वतः येणार होतो. दोनदा बसथांब्यापर्यंत जाऊन परत आलो.

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं तर यासाठीच : हिचं वाचन म्हणजे मला शिक्षा, असं मी वर जे भासवलंय ते खरं धरू नका. ती वाचायला बसली की मी दाराबाहेर स्टूल टाकून बसत असे. हातात वर्तमानपत्र असायचं, पण ते दाखवायला. तिची सगळी पुस्तकं मी अशी दाराआडून ऐकली आहेत, आणि तिला हे माहीत नाही. या कादंबरीतला म्हातारा सुतार इतक्या वर्षांनी परत आलेल्या मुलाला ओळखतो की नाही, इथे मी अडकलो आहे. परवा वाचनालयातून पुस्तक आणलं. चार पानं वाचली आणि मिटून ठेवलं. मनातल्या मनात वाचलं तरी सगळं माझ्याच आवाजात ऐकू येतं, आणि त्या आवाजाला मी आता कंटाळलो आहे. म्हणून विनंती एवढीच, की हे पत्र पोचल्यावर ती वाचायला बसली की मला फोन लावा आणि तो तसाच चालू तिच्या दाराबाहेर ठेवून द्या. तुम्ही माझ्याशी बोलायची गरज नाही, राग असू द्या. मीही या बाजूने एक शब्द बोलणार नाही.